धंद्याची जागा : राहावे की हलावे?

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



या मेळाव्यात दरवर्षी डॉक्टर, वकील, प्राध्यापक किंवा बँकेतील अधिकारी मार्गदर्शन करतात. यंदा कार्यकारिणीने आम्हा छापखानेवाल्यांना उभे केले आहे. संस्थेची पावतीपुस्तके आणि हँडबिले आमच्याकडे छापली जातात, तेवढीच आमची ओळख. भाषण आम्ही दोघा भावांनी मिळून लिहिले आहे आणि धंदाही दोघांचा आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. त्यात मोठेपणा नाही.

विषय आम्हीच निवडला. गेल्या वर्षभरात आमच्या काउंटरवर निदान सात-आठ जणांनी एकच प्रश्न विचारला. कुणाचे शिवणकामाचे दुकान, कुणाची शिकवणी, कुणाचे मोबाइल दुरुस्तीचे टेबल, एका ताईंचा पोळी-भाजीचा व्यवसाय. प्रश्न असा की, "दादा, वस्ती पांगत चालली, इमारती पडत आहेत, गिऱ्हाईक कल्याण-बदलापूरला नाहीतर विरारला गेले. आपणही तिकडे जावे की इथेच थांबावे?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले होते, आणि ते स्वतःलाच दिले होते. ती हकीकत सांगावी म्हणून उभे आहोत.

आमचा छापखाना नायगावात, दादर पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर १९७६ साली सुरू झाला. वडील गिरणीतून निवृत्त झाले होते. त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून पागडीवर १४० चौरस फुटांचा गाळा घेतला आणि एक जुनी ट्रेडल मशीन आणली. आमच्यातला थोरला तोवर गिरगावातील एका छापखान्यात खिळे जुळवत असे. धाकट्याची शाळा नुकतीच संपली होती. कोऱ्या लग्नपत्रिका कांदेवाडीतून, म्हणजे गिरगावच्या खाडिलकर रोडवरून आणायच्या, त्यावर नावे छापायची, पावतीपुस्तकांना नंबर मारायचे, मंडळांची हँडबिले काढायची, एवढाच धंदा. एप्रिलमध्ये जयंती, मग बुद्धपौर्णिमा आणि लग्नसराई, पावसाळ्यात शाळांची कामे, ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि डिसेंबरात सहा तारीख. वर्षाचे चक्र ठरलेले होते.

गिऱ्हाईक कुठून येई? शंभर पावलांवरून. नायगावच्या बी.डी.डी. चाळी ४२, प्रत्येकीत साधारण ८० खोल्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. पुढे डिलाइल रोडचे नाव ना. म. जोशी मार्ग झाले. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत आठ-दहा माणसे राहत. म्हणजे आमच्या दुकानाभोवती हजारो माणसे पायी येण्याच्या अंतरावर होती. अशा ठिकाणी पाटी नसली तरी चालते. आमची पाटी तर पहिली चार वर्षे खडूने लिहिलेली होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. तरुण मित्रांना हे इतिहासाच्या पुस्तकातले वाटेल, पण आम्ही तो संप आमच्या उधारीच्या वहीत वाचला आहे. लग्ने पुढे ढकलली गेली. पत्रिका दोनशेऐवजी पन्नास, आणि त्याही उधार. कुणी गावी गेले, कुणी खोली विकून दिव्याला, कल्याणला, नालासोपाऱ्याला गेले. परळ-लालबागच्या खानावळी बंद पडत गेल्या, कारण दोन वेळ जेवणारा एकटा कामगारच उरला नाही. त्या काळातली उधारी आम्ही वसूल केली नाही. खरे सांगायचे तर वसूल होण्यासारखी नव्हतीच. तेव्हा तो तोटा वाटला. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो.

आता मुख्य हकीकत. २००४ साल. ट्रेडल जाऊन मिनी ऑफसेट आली होती, खिळ्यांची जागा संगणकाने घेतली होती. मशीन मोठी, गाळा तेवढाच. मशीन चालू असली की गिऱ्हाइकाला उभे राहायला जागा नसे. दुसरीकडे आम्ही पाहत होतो की, पत्रिकेवरचे पत्ते बदलत आहेत. पूर्वी 'निवासस्थान' म्हणून बी.डी.डी. चाळ क्रमांक अमुक छापायचो, आता कल्याण पूर्व, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर छापू लागलो. आमच्यात दोन मते पडली. धाकट्याचे म्हणणे, गिऱ्हाईक जिथे गेले तिथे दुकान गेले पाहिजे, एवढे साधे गणित आहे. थोरल्याचे म्हणणे, वडिलांच्या पैशाचा गाळा आहे, तो सोडायचा नाही. दोन्ही म्हणणी मनापासूनची होती, पण हिशेब दोघांपैकी एकानेही केला नव्हता. एकाने पत्रिकेवरचे पत्ते पाहिले आणि दुसऱ्याने वडिलांचा फोटो.

शेवटी तडजोड झाली. नायगावचा गाळा कुलूप लावून ठेवायचा, विकायचा नाही, आणि छापखाना कल्याणला न्यायचा. पागडीला त्या वेळी गिऱ्हाईक होते. १९४७ च्या भाडे कायद्याखाली पागडी घेणे गुन्हा होता, तरी व्यवहार होतच असत. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि असा व्यवहार उघडपणे करण्याची वाट झाली. घरमालकाने त्याच्या संमतीसाठी रकमेचा तिसरा हिस्सा मागितला होता. उरलेल्या रकमेत कल्याणला स्वतःच्या मालकीचा गाळा येत होता. मोह मोठा होता. थोरल्याने ऐकले नाही, हे आज आमचे नशीब म्हणायचे. तेव्हा घरात दोन महिने अबोला होता.

कल्याणला जागा शोधताना काय झाले, तेही सांगितले पाहिजे. स्टेशनाजवळ रहदारीच्या रस्त्यावर एक गाळा पसंत केला. डिपॉझिट ठरले, चहा झाला. मालकाने नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, मग "म्हणजे नक्की कोण?" दुसऱ्या दिवशी निरोप आला की गाळा भाच्याला द्यायचा आहे. तो गाळा पुढे पाच महिने रिकामा होता. आम्ही येता-जाता पाहत होतो. मग आपल्याच वस्तीत, स्टेशनापासून रिक्षाने पंधरा मिनिटे आत, जागा घेतली. तिथे कुणी काही विचारले नाही. पण तिथे सहज जाता-येता दिसणारे दुकान नव्हते, आणि वस्तीत आधीपासून दोन छापखाने होते.

मित्रहो, अर्थशास्त्राच्या पुस्तकात जागेचे भाडे असते, आडनावाचे नसते. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याहून मुंबईला परत आल्यावर त्यांनी शेअर-रोखे व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला अर्थशास्त्रज्ञ सल्ला द्यायला बसला आहे, आणि तो अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. पेढी बंद करावी लागली. पुढच्या वर्षी ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, म्हणून ही पेढी बहुतेकांच्या स्मरणात नाही. आम्हा धंदेवाल्यांच्या मात्र ती लक्षात राहते. जागा बदलण्याचा विचार करणाऱ्या आपल्या माणसाला इतरांपेक्षा एक प्रश्न जास्त विचारावा लागतो, की नव्या जागी मला हवा तो गाळा मिळेल, की मला देतील तो घ्यावा लागेल? कारण धंदा तुम्ही ठरवलेल्या गावात नाही, तुम्हाला मिळालेल्या गाळ्यात चालणार असतो.

आणि याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आम्ही फक्त रडगाणे गायल्यासारखे होईल. दादरला असताना आमचा कागदाचा व्यापारी आमच्या समाजाचा नव्हता. वीस वर्षांच्या व्यवहारानंतर तो आम्हाला तीन-तीन महिने नुसत्या शब्दावर रिमे देत असे. कल्याणला गेल्यावर त्यानेच हसत सांगितले, "आता पहिली सहा महिने रोख." त्याचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. त्याची ओळख आमच्याशी जेवढी होती, तेवढीच त्या गाळ्याशी होती. माणूस पळून गेला तरी वीस वर्षे उघडलेले शटर सापडेल, हा त्याचा तारण-हिशेब होता. पत ही बऱ्याच अंशी पत्त्याला चिकटलेली असते, हे आम्हाला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

कल्याणचे पहिले वर्ष कसेबसे गेले. संगणकावर बसणारा आमचा जुना माणूस शिवडीला राहत असे. सकाळी उलट्या दिशेची गाडी रिकामी मिळते हे खरे, पण रात्री दहाला रिक्षा, गाडी, पुन्हा बस, असे करून तो साडेअकराला घरी पोचे. चौथ्या महिन्यात त्याने नमस्कार केला. सरकारी काम निराळेच. छापखाना चालवणाऱ्याला १८६७ च्या कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यांपुढे डिक्लरेशन द्यावे लागे, आणि जागा बदलली की नवे डिक्लरेशन. त्या हेलपाट्यांत भरसराईतले दिवस गेले. (तो कायदा आता नाही. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून आला आहे. गुमास्त्याचेही २०१७ च्या कायद्याने सोपे झाले, छोट्या दुकानाला नुसती सूचना द्यावी लागते. म्हणजे कागदपत्रांच्या भीतीने आज कुणी अडून बसू नये.) त्यात २००५-०६ साली भारनियमन. मुंबई शहर त्यातून वगळलेले होते, आम्ही मात्र दिवसाचे कित्येक तास अंधारात. ऑफसेटवर शाई चढवून ठेवावी आणि वीज जावी, यापेक्षा मुद्रकाचा मोठा अपमान नाही.

पण हे सगळे सोसता आले असते. न सोसणारी गोष्ट वेगळीच होती. ज्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही कल्याणला गेलो, तीच गिऱ्हाइके तिथे येत नव्हती.

हे कसे, ते एका जुन्या शेजाऱ्याने सांगितले. तो चाळीतून उठून आमच्या नव्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर राहायला आलेला. एके दिवशी त्याच्या हातात मुलीच्या लग्नाच्या पत्रिका, दुसऱ्या छापखान्याच्या. आम्हाला वाईट वाटलेले पाहून तो म्हणाला, "अहो, मी इथे फक्त झोपायला येतो. सकाळी सहाची गाडी, रात्री नऊला घरी. दादरला उतरतो, दादरला चढतो. तुमच्या दुकानाला कुलूप दिसले, म्हणून शेजारच्याकडे दिली." ते ऐकून रविवारी आम्ही नायगावला आलो, कुलूप काढले आणि मागच्या, म्हणजे निघण्यापूर्वीच्या वर्षाची सगळी पावतीपुस्तके खाली काढली.

त्या वर्षाची ३८७ कामे होती. एका वहीत तीन रकाने आखले. गिऱ्हाईक झोपते कुठे, कामाला जाते कुठे, आणि आमच्याकडे आले कसे. पहिला रकाना पत्त्यावरून भरता आला. बाकीचे दोन आठवणीने आणि माणसांना विचारून. आठ दिवस लागले. चालत येण्याच्या अंतरावर राहणारी गिऱ्हाइके तिसऱ्या हिश्शाहून कमी निघाली, म्हणजे धाकट्याचे पत्ते खरे होते. पण जी लांब गेली होती, त्यांतली निम्मी कल्याणच्या बाजूला आणि उरलेली विरारच्या बाजूला पांगली होती. आणि या दोन्ही बाजूंची माणसे रोज जिथे भेटतात असे ठिकाण एकच, जिथे पश्चिम आणि मध्य रेल्वे एकत्र येतात ते दादर. आम्ही कल्याणला गेलो त्या दिवशी विरारची सगळी गिऱ्हाइके आपण होऊन सोडली होती, आणि कल्याणची मिळवलीही नव्हती.

तिसऱ्या रकान्याने तर डोळेच उघडले. बँकेची, शाळेची, दवाखान्याची कामे जवळजवळ सगळी 'अमक्याने पाठवले' अशी होती. तो अमका कोण? पाच-सहा नावे पुन्हा पुन्हा येत होती. त्यांतली चार संपाच्या काळात ज्यांची उधारी बुडाली, त्या घरांतली मुले. कुणी शाळेत शिपाई, कुणी बँकेत कारकून, एक जण दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी कधी उल्लेख केला नाही, आम्हीही केला नाही. बुडीत म्हणून सोडलेले पैसे वीस वर्षे काम आणत होते, आणि ते काम नायगावच्या त्या दाराशीच येत होते.

मग २००६ साली आम्ही दुकान दोन ठिकाणी केले. मशीन कल्याणलाच ठेवली, कारण तिथे भाडे कमी होते आणि तिथे नेमलेला मशीनमन तिथलाच होता. वीज असेल त्या तासांत तो काम उरके. काउंटर आणि संगणक नायगावला परत आणला. मशीन गेल्यामुळे १४० फुटांत आता चार माणसे बसू शकत होती. संध्याकाळी मजकूर घेऊन एक मुलगा गाडीने जाई, सकाळी छापलेला माल पिशवीतून आणी. दोनशे पत्रिकांचे वजन ते किती. पोस्टर असले तर टेम्पो. आज मजकूर संगणकावरून क्षणात जातो, तो मुलगा आता त्याच मशीनचा भागीदार आहे. धंदा म्हणजे एकच वस्तू आहे आणि ती उचलायची किंवा ठेवायची, असे आम्ही दोन वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तिचे एक अंग हलण्यासारखे होते आणि एक नव्हते.

आमची पुतणी वाणिज्य शाखेत शिकते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, यात नवे काही नाही, आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० सालच्या ग्रंथात लिहिले आहे की एका धंद्याची माणसे एका ठिकाणी जमली की कसबी कामगार, पूरक माल आणि धंद्यातले बारकावे तिथे आपोआप मिळू लागतात. आम्ही म्हटले, बाई, हे तू आम्हाला २००४ साली सांगायचे होतेस. ती म्हणाली, तेव्हा मी जन्मले नव्हते. असो. पण तिच्या मार्शलसाहेबांचे उदाहरण पाहायचे असेल तर धारावीत जा. चामड्याच्या बॅगा करणाऱ्याला अस्तर, चेन, बक्कल, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. त्यातला एकटा कारागीर स्वस्त भाड्यासाठी लांब गेला तर भाड्यात वाचवलेले तो चेन आणायला जाण्यात घालवील. धारावीचा पुनर्विकास सध्या ऐरणीवर आहे, तेव्हा तिथल्या कारागिराला घर कुठे मिळणार याइतकाच त्याचा शेजारी कुठे जाणार हाही प्रश्न विचारला पाहिजे.

बाजारच्या बाजार एकत्र हलला तर गोष्ट निराळी. मुंबईचा भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याहून आणि फळांचा क्रॉफर्ड मार्केटहून १९९६ साली वाशीला गेला. कुरकुर झाली, पण विकणारे सगळेच गेले म्हणून घेणाऱ्यांना जावेच लागले. हिरे बाजार २०१० साली ऑपेरा हाउसहून वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, हळूहळू का होईना, रुळला. पण डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेला चार हजारांहून अधिक कार्यालयांची भव्य इमारत उघडली, तरी मुंबईच्या बहुतेक व्यापाऱ्यांनी मुंबईचे कार्यालय काही सोडले नाही. इतक्या मोठ्या लोकांचेही पाय असे अडखळतात, तर आपण शिवणयंत्र उचलण्यापूर्वी आठ दिवस वही घेऊन बसायला काय हरकत आहे?

तेव्हा ज्यांनी काउंटरवर विचारले होते त्यांना आम्ही काय सांगितले, तेही थोडक्यात सांगतो. पोळी-भाजीवाल्या ताईंना आम्ही जा म्हटले. त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः एका कार्यालयाचे कर्मचारी होते, ते कार्यालयच दुसरीकडे गेले, आणि डबा गरमच लागतो. त्या गेल्या आणि बरे चालले आहे. शिकवणीवाल्या सरांना थांबा म्हटले, कारण मुलाला आई-वडील गाडीने शिकवणीला पाठवत नाहीत. पण त्यांच्या इमारतीची मुलेच संक्रमण शिबिरात गेली, आणि आमचा सल्ला चुकला. म्हणजे आम्ही काही ज्योतिषी नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्या मुलाने आम्हाला न विचारताच स्टेशनाजवळ टेबल टाकले, आणि तेच बरोबर होते. बिघडलेला फोन माणूस घरापर्यंत नेत नाही, वाटेतच दाखवतो. शिवणकामवाल्यांचे अजून ठरलेले नाही.

एक गोष्ट मात्र जागा बदलून सुटत नाही. लग्नपत्रिका आता पूर्वीसारख्या छापल्याच जात नाहीत. पन्नास नातेवाइकांना मानाच्या द्यायच्या, बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर. हे नायगावलाही आहे आणि कल्याणलाही. धंदाच उतरणीला लागला असेल तेव्हा माणूस जागेला दोष देतो, कारण जागा डोळ्यांसमोर असते. आम्हीही दिला. आता आम्ही पत्रिका कमी आणि दवाखाने, शाळा, सोसायट्यांचे छापील नमुने जास्त करतो. त्यासाठी लेटरहेडवर 'दादर (पूर्व)' हा पत्ता उपयोगी पडतो, हे कबूल केले पाहिजे. आपल्या वस्तीतला धंदा आपल्या माणसांवर उभा राहतो, पण फक्त त्यांच्यावर वाढत नाही. जयंती वर्षातून एकदाच येते.

आता पुन्हा तोच प्रश्न आमच्या दाराशी आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी.तील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत चार पिढ्या काढलेल्या माणसांना ती किल्ली हातात घेताना आम्ही पाहिले आहे, त्या आनंदावर आम्ही पाणी टाकणार नाही. पण चाळीस मजल्यांच्या इमारतीत राहणारा माणूस हँडबिल छापायला पायरीवरून हाक मारत खाली येईल का, हे आम्हाला ठाऊक नाही. चाळीच्या गॅलरीत एकाने विचारले तर दहा जण उत्तर देत, "खाली छापखाना आहे ना!" लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, असे तिथे राहायला गेलेले सांगतात. दहा वर्षांनी बोलतीलही.

आमच्या स्वतःच्या इमारतीच्या पुनर्विकासाचाही प्रस्ताव आला आहे. त्या काळात तीन-चार वर्षे गाळा नसेल. थोरला म्हणतो, जवळच कुठेतरी टेबलापुरती जागा भाड्याने घेऊ, भाडे जास्त गेले तरी चालेल, पण दादर सोडायचे नाही. धाकटा म्हणतो, आता काम फोनवरच येते, काउंटर हवाच कशाला? म्हणजे भांडण वीस वर्षांपूर्वीचेच आहे, फक्त या वेळी दोघांनीही तोंड उघडण्यापूर्वी पावतीपुस्तके खाली काढली आहेत. पुतणी रकाने भरते आहे. तिने चौथा रकाना वाढवला आहे, गिऱ्हाईक प्रत्यक्ष आले की फोनवरून आले. एप्रिल ते सप्टेंबर भरून झाले आहेत, ऑक्टोबरपासूनचे बाकी आहेत.

ती वही कुणाला पाहायची असेल, विशेषतः ज्या विद्यार्थ्यांना स्वतःचा धंदा करायचा आहे त्यांनी, संध्याकाळी सातनंतर काउंटरवर यावे. रकाने कसे आखायचे ते ती दाखवील. शिवणकामवाल्यांनी तर याच आठवड्यात यावे, आणि येताना मापांची वही घेऊन यावे, कारण त्यांच्याकडे पावतीपुस्तक नाही, हे आम्हाला माहीत आहे.